बाबा, बंड्या आणि न घडलेली सकाळ

"ह्यांचा आणि बंड्याचा एक फोटो करून दे ना."

आईनं हे वाक्य मेथी निवडता निवडता टाकलं. म्हणजे अगदी 'येताना कोथिंबीर आण' म्हणावं तितक्या सहज! मी लॅपटॉपवरून मान वर केली. कारण प्रॉब्लेम साधा होता. आमचे बाबा २०१० साली गेले. बंड्या आमच्याकडे आला २०१२ च्या पावसाळ्यात. दोघांची भेट झालीच नाही.

"अगं आई, असा फोटो नाहीये."

"माहितीये मला. कर म्हणाले, शोध नाही म्हणाले."

बोला आता!

बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. शंभर टक्के गावठी, रंग करपलेल्या गुळासारखा, डावा कान अर्धा फाटलेला. सिडकोतल्या आमच्या गल्लीत एका बंद पडलेल्या रिक्षाखाली सापडला होता. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि घर फार शांत झालेलं होतं. त्या शांततेत बंड्यानं जो राडा घातला, त्याचे उपकार अजून फिटलेले नाहीत. २०२५ च्या जानेवारीत त्यानं दोन दिवस जेवण सोडलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "किडनी थकलीये. महिने मोजत बसू नका. दिवस चांगले जाऊ द्या."

त्याच संध्याकाळी मेथी निवडणं सुरू होतं. तेव्हा फोटोची ऑर्डर का आली, हे मला कळलं. आणि मी 'नाही' म्हणू शकले नाही.

कोट घातलेले आजोबा

दोन किंवा जास्त फोटोंचे तुकडे जोडून जो एक फोटो बनतो, त्याला कंपोझिट म्हणतात. इन्स्टाग्रामवर तुम्ही बघितलेच असतील. पग चंद्रावर उभा आहे, पर्शियन मांजर सिंहासनावर बसलीये, लॅब्राडॉर ढगातून पोहतोय. प्राण्यांच्या फोटोग्राफीत हा प्रकार इतका फिट बसण्याचं कारण एकदम प्रॅक्टिकल आहे. प्राणी सांगितल्या जागी बसत नाही. बसला तर बघत नाही. बघितलं तर जीभ बाहेर. शिवाय त्याला सगळीकडे नेताही येत नाही. बीबी का मकबऱ्यासमोर तुमच्या बोक्याला राजा म्हणून बसवायचंय? बोका गच्चीत शूट करा, मकबरा सकाळी जाऊन वेगळा शूट करा, दोघांची गाठ कॉम्प्युटरवर घालून द्या. बोका खूश, सिक्युरिटीवाले काका खूश!

पण हा नवा फंडा आहे असं समजू नका. दोस्तहो, जरा तुमच्या गावाकडच्या घराची भिंत आठवा. आमच्या आजोबांचा हार घातलेला फोटो आहे ना, त्यात त्यांनी काळा कोट आणि टाय घातलाय. आजोबांनी आयुष्यात कोट घातला नाही. धोतर, सदरा, टोपी, बस्स. ते गेल्यावर रेशनकार्डाच्या वेळच्या फोटोतून स्टुडिओवाल्यानं त्यांचं डोकं उचललं आणि तयार कोटावर बसवलं. परवा माझ्या चुलत बहिणीच्या मुलानं विचारलं, "पणजोबा वकील होते का?" कुणीच लगेच उत्तर दिलं नाही.

लग्नाचे अल्बम विसरलात? २००२ मध्ये फोटोशॉपचं ७.० व्हर्जन आलं आणि बघता बघता आपल्याकडच्या स्टुडिओंत घरच्यासारखं रुळलं. मग काय, नवरा-नवरी जालन्याच्या मंगल कार्यालयात आणि मागे स्वित्झर्लंडचा बर्फ! नवरी गुलाबाच्या पाकळीत, नवरा सरबताच्या ग्लासात. आज हसतो आपण. तेव्हा ऑफिसात अल्बम नेऊन दाखवायचो.

त्याहीआधी, कॉम्प्युटरची कल्पनाही नसताना, लोक अंधाऱ्या खोलीत हेच करत होते. ऑस्कर रेजलँडर नावाच्या फोटोग्राफरनं १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं दृश्य उभं केलं. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सननं पाच निगेटिव्हमधून 'फेडिंग अवे' हा फोटो बनवला. एक मुलगी मरणाच्या दारात, जवळ घरच्या बायका आणि पाठमोरा पुरुष खिडकीबाहेर बघतोय. लोक खवळले. इतकं खासगी दुःख कॅमेऱ्यासमोर का आणलं, म्हणून. खरं तर सगळी मंडळी पोज देऊन उभी होती आणि वेगवेगळ्या निगेटिव्हवर होती! फोटो जोडलेला होता, पण बघणाऱ्याच्या पोटात कालवलं ते मात्र खरं होतं.

दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी भानगड तीच आहे. जोडलेल्या फोटोत खरं काय असतं?

पहिला प्रयत्न: धडाम!

माझ्याकडे मास कॉमची डिग्री आहे, फोटोशॉप येतं, चार मासिकांसाठी कव्हर स्टोऱ्या केल्यात. म्हटलं, एका रात्रीचं काम.

बाबांचा एक फोटो निवडला. मावशीच्या लग्नातला, सफारी सूट घातलेला, एकदम रुबाबदार. बंड्याचा मोबाईलवरचा सर्वांत गोड फोटो घेतला. बाबांचा हात शेजारच्या काकांच्या खांद्यावर होता. मी काकांना उडवलं आणि त्या हाताखाली बंड्याचं डोकं सरकवलं. रात्रीचे दोन वाजले.

"काय करायलीस गं रात्रीचं?" आई पाणी प्यायला उठली होती. तिनं स्क्रीनकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "छान आहे," म्हणाली आणि झोपायला गेली. आईचं 'छान आहे' आणि आईचं 'छान आहे' ह्यातला फरक ज्यांना कळतो, त्यांना सांगायला नको.

दादा बंगळूरला असतो. त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. पाच मिनिटांत उत्तर, "बाबा? कुत्र्याच्या डोक्यावर हात? कुठल्या जन्मात?"

बरोबर होतं त्याचं. बाबांना कुत्रा नको होता. आम्ही लहानपणी किती वेळा हट्ट केला असेल! त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "कुत्रं घरात आलं तर मी बाहेर." वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करून आलेला माणूस. त्याला शांतता हवी असायची. आणि मी त्यांना काय केलं? कुत्र्याला कुरवाळणारे सफारी सूटमधले काका केलं.

आजोबांच्या कोटाला हसणारी मी. मी तरी वेगळं काय केलं होतं?

"सावली कुठंय?"

दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून गुलमंडीजवळच्या एका जुन्या स्टुडिओत गेले. तिथले काका आता फक्त पासपोर्ट फोटो काढतात, पण त्यांनी उमेदीच्या काळात पुष्कळ लोकांना कोट चढवलेत. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि माझी प्रिंट डोळ्यांजवळ धरली.

"सावली कुठंय?"

मी म्हटलं, "कुणाची?"

"हेच तर. कुणाचीच नाही. तुझे वडील फ्लॅशमध्ये आहेत, समोरून धाडकन उजेड. कुत्रा खिडकीपाशी बसलाय, त्याच्या एका बाजूला उजेड. दोघं एका खोलीत नाहीत पोरी. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण कळतं लगेच."

मग त्यांनी अर्ध्या तासात जे शिकवलं ते ट्युटोरियल बघून मला कधी कळलं नव्हतं. उजेड तीन गोष्टी सांगतो, कुठून येतोय, कडक आहे की मऊ, आणि त्याचा रंग काय. ह्यातली एक जरी जुळली नाही तरी फोटो फसला. पायाखालची सावली सर्वांत महत्त्वाची. पंजा जमिनीला टेकतो तिथे एक बारीक काळी रेघ असते. ती नसेल तर प्राणी तरंगतो. मोठी सावली विसरलात तर एक वेळ चालेल, ही रेघ विसरू नका.

तिथून परत येताना मला कॉलेजची ट्रिप आठवली. अजिंठ्याला पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलेली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच! गाइड टॉर्च मारून दाखवतात. कुठल्याही एका हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं. तेव्हा आम्ही 'सही है!' म्हणून पुढे गेलो होतो. आता कळलं की त्या कारागिरानं खरी मेहनत डोक्यावर नाही, मानेवर घेतलीये. चारही माना त्या एका डोक्याकडे अशा वळतात, की सांधा शोधायला आपण जातच नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, आपल्याच जिल्ह्यात, छिन्नी-हातोडीनं केलेलं कंपोझिट. अनडूची सोय नाही!

हा कुणाचा कुत्रा?

आता तुम्ही म्हणाल, एवढा व्याप कशाला? हल्ली एआय आहे की! २०२३ मध्ये फोटोशॉपमध्येच अशी सोय आली की जागा निवडा, काय हवं ते टाइप करा, तो स्वतः भरून देतो. मीही मोह आवरला नाही. एका ॲपला बाबांचा फोटो दिला, बंड्याचे चार फोटो दिले आणि एकत्र बसवायला सांगितलं.

अर्ध्या मिनिटात फोटो हजर. उजेड परफेक्ट. सावली परफेक्ट. पंजाखालची काळी रेघसुद्धा!

आईला दाखवला. ती म्हणाली, "हा कुणाचा कुत्रा?"

मी नीट बघितलं. ॲपनं बंड्याचा कान शिवला होता. फाटलेला डावा कान गुळगुळीत, उभा, ताठ. तोंडावरचे पांढरे केसही गेले होते. तेरा वर्षांचा बंड्या पुसून त्यानं जाहिरातीतला एक तरणाबांड कुत्रा आणून बसवला होता. बाबांच्या बाबतीतही तेच. कपाळावरची आठी गायब! त्या आठीशिवाय बाबा म्हणजे... जाऊ दे.

माझ्या बाबतीत इथे एक गोष्ट क्लिअर झाली. कंपोझिटमध्ये जागा खोटी चालते, वेळ खोटी चालते. चंद्र चालतो, मकबरा चालतो. पण ज्याच्यासाठी फोटो करतोय तो जीव खरा हवा. त्याचा कान, त्याची बसण्याची तऱ्हा, त्याचा स्वभावसुद्धा. माझ्या पहिल्या फोटोत बाबांचा चेहरा खरा होता, पण बाबा खोटे होते. ॲपच्या फोटोत सगळं जुळलं होतं, फक्त आमचं कुणी नव्हतं.

छत्तिसावा फोटो

मग मी सगळे अल्बम खाली काढले. उजेड फ्लॅशचा नको, कारण बंड्यावर फ्लॅश मारायचा नव्हता. म्हातारं कुत्रं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. म्हणजे बाबांचा असा फोटो हवा, जो नैसर्गिक उजेडात आहे. आणि गंमत बघा, तसे फोटो जवळपास नव्हतेच. बाबांचे सगळे फोटो कुणाच्या ना कुणाच्या लग्नातले. फ्लॅश, इस्त्रीचे कपडे, ओढूनताणून हसू.

एकच सापडला. १९९९ ची दिवाळी. रोलमध्ये शेवटचा फोटो उरला होता आणि रोल धुवायला टाकायचा होता, म्हणून दहा वर्षांच्या दादानं याशिका उचलून सहज क्लिक केलेला. छत्तिसावा फोटो. व्हरांड्यात वेताची खुर्ची, बाबा बनियन-लेंग्यात, पेपर वाचतायत. त्यांना फोटो काढल्याचा पत्ताही नाही. कोपऱ्यात आकाशकंदिलाची झिरमिळी. डावीकडून सकाळचं ऊन आणि ग्रिलची सावली शहाबादी फरशीवर आडवी पडलेली. उजवीकडे घराचं दार उघडं, उंबऱ्यापाशी ऊन. आणि तिथे कुणीच नाही.

बंड्या रोज सकाळी बरोब्बर तिथेच येऊन पडतो.

मी ते चित्र बघत कितीतरी वेळ बसून राहिले. व्हरांडा तोच आहे. फरशी तीच. ग्रिलला फक्त रंग दिलाय. फोटोत फक्त बंड्याची जागा रिकामी होती.

पण ऊन? फोटो नोव्हेंबरचा, आणि आमचं कॅलेंडर जानेवारीचं. नोव्हेंबरपर्यंत थांबायला आम्हाला वेळ होता का, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही.

दादाला फोन केला. पहिल्या फोटोवर वैतागलेला दादा हा फोटो बघून गप्पच झाला. मग त्याच्यातला इंजिनियर जागा झाला. "अगं, थांबायचं कशाला? २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो ना? त्याच्या आधी जितके दिवस, तितकेच दिवस नंतर मोज. सूर्य त्याच उंचीवरून परत जातो. त्या वर्षी दिवाळी ७ नोव्हेंबरच्या सुमाराला होती. म्हणजे साधारण पंचेचाळीस दिवस आधी. तर पंचेचाळीस दिवस नंतर..."

मी बोटं मोजली. ५ फेब्रुवारी!

५ फेब्रुवारी

सकाळी साडेसातला मी व्हरांड्यात हजर. हातात बाबांच्या फोटोची प्रिंट, समोर फरशी. वाट बघायची ती घड्याळाची नाही, ग्रिलच्या सावलीची. जुन्या फोटोत ती सावली दुसऱ्या फरशीच्या सांध्याला टेकलेली होती. ती तिथे आली की तोच उजेड, तोच कोन.

दादा दहा वर्षांचा होता, म्हणजे कॅमेरा बुटका होता. मी स्टुलावर बसले आणि मोबाईल त्या उंचीला धरला. फरश्यांच्या रेघा प्रिंटशी जुळेपर्यंत स्टूल मागे-पुढे केलं. इथे एक टिप लक्षात ठेवा. फोटोतली वस्तू लहान-मोठी कशी दिसेल, तिचा आकार कसा ताणला जाईल, हे लेन्सपेक्षा तुम्ही कुठे बसलाय त्यावर ठरतं. जागा बरोबर असेल तर जास्तीचं नंतर कापता येतं. जागा चुकली तर देवही वाचवू शकत नाही. मोबाईल जवळ नेऊन काढलेले कुत्र्यांचे फोटो बघा, सगळ्यांची नाकं बटाट्याएवढी!

रेघा जुळल्या आणि एकदम लक्षात आलं, आत्ता मी बाबांकडे दादाच्या उंचीवरून बघतेय. खुर्ची रिकामी होती एवढंच.

बंड्या आला. उंबऱ्यावर गोल फिरला, एकदा, दोनदा, आणि धप्पकन पडला. अगदी त्याच्या जागी. पण तोंड फाटकाकडे आणि डोळे मिटलेले. मी "बंड्या, बंड्या" केलं तर माझ्याकडे बघायला लागला. ते नको होतं. फोटोत मी नाहीच आहे ना!

तेवढ्यात आई आतून आली. माझ्या हातातली प्रिंट बघितली. काही न बोलता खुर्चीवर जाऊन बसली, बाबांच्या जागी. कालचा पेपर उचलला आणि पान उलटलं. खस्स...

बंड्याचा कान वळला.

फाटलेला, डावा. डोकं हललं नाही, डोळे अर्धवट उघडले, फक्त कान मागे गेला, त्या आवाजाकडे. आईनं पुन्हा पान उलटलं. मी बटण दाबतच राहिले. सावली सांध्यावर होती. साधारण सहा-सात मिनिटं मिळाली. मग ऊन सरकलं, बंड्याही उठून पाणी प्यायला गेला. पॅक अप!

भिंतीवर

पुढचं काम शांतपणे केलं. बाबांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला. चार बाय सहाच्या प्रिंटमधून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळाले, भिंतीवरच्या फ्रेमला पुरेसे. बंड्याचा आकार किती ठेवायचा, हे फरशीनं सांगितलं. तो दीड फरशी व्यापतो, तर फोटोतही दीड फरशी. एका शॉटमधलं अंग घेतलं, दुसऱ्या शॉटमधलं कान वळलेलं डोकं घेतलं. हे खोटं का? मला नाही वाटत. दोन्ही त्याचंच आहे, एकाच सकाळचं आहे. केसांच्या कडा ब्रशनं एकेक सोडवल्या. पोटाखाली आणि पंजाखाली ती काळी रेघ दिली.

तरी काहीतरी खटकत होतं. मोठं करून बघितलं तेव्हा कळलं. बंड्या जास्तच स्वच्छ होता! मोबाईलचा फोटो गुळगुळीत, शार्प. फिल्मचा फोटो दाणेदार, जरा पिवळट, जरा धूसर. मग बंड्याला तसाच थोडा मळवला. दाणे टाकले, शार्पनेस उतरवला, गरम रंग चढवला. आणि तो १९९९ मध्ये जाऊन बसला.

ह्या फोटोत बाबा बंड्याला हात लावत नाहीत. बघतसुद्धा नाहीत. ते पेपर वाचतायत, आठी जागेवर आहे. बंड्याची पाठ त्यांच्याकडे आहे. फक्त त्याचा फाटका कान पेपरच्या आवाजाकडे वळलाय. बस्स, एवढंच.

दादाला पाठवला. ह्या वेळी पाच मिनिटांत उत्तर आलं नाही. रात्री आलं, "बाबा शब्दाला जागले. कुत्रं घरात, ते बाहेर."

आईनं फ्रेम हातात घेतली, पदरानं काच पुसली. "छान आहे" म्हणाली नाही. म्हणाली, "वाचू दे त्यांना," आणि खिळा कुठे ठोकायचा ते दाखवलं. आजोबांच्या शेजारी.

लावण्याआधी मी फ्रेम उलटी केली आणि मागे पेन्सिलीनं लिहिलं: बाबा, नोव्हेंबर १९९९. बंड्या, फेब्रुवारी २०२५. जोडणारी मी. उद्या कुणा भाच्यानं विचारलं, "आजोबांना कुत्रा आवडायचा का?" तर उत्तर फोटोच्या पाठीवर असेल. आणि आजोबांच्या फ्रेममागेही लिहून टाकलं: कोट स्टुडिओचा.

बंड्यानं उन्हाळा काढला. पथ्याचं जेवण नाक मुरडत खातो. हे लिहितानाही तो पायाशीच आहे. भिंतीवर आपला फोटो लागलाय ह्याचं त्याला शष्प काही नाही. पेपर आला की मात्र कान वळतो.

तुमच्याकडेही एखादा बंड्या, मनी किंवा मिठू असेल. कंपोझिट कधीही करता येईल हो, दहा वर्षांनीसुद्धा. पण त्याचे तुकडे आजच गोळा करावे लागतात. आणि तेवढ्यात घरातल्या माणसांचेही दोन-चार काढून ठेवा, फ्लॅश न मारता, त्यांना न सांगता.

ट्राय करून बघाच!

• रिकामी फ्रेम: प्राणी उठून गेल्यावर त्याच जागेचा, त्याच उंचीवरून एक रिकामा फोटो घ्या. पट्टा, माणूस, खेळणं पुसायचं असेल तर हाच कामाला येतो.

• पट्टा सोडू नका: बाहेर शूट करताना पट्टा हातातच ठेवा. तो नंतर पुसता येतो. रस्त्यावर पळालेला कुत्रा परत आणता येत नाही.

• मागचा पडदा: काळ्या प्राण्यामागे फिकट चादर, पांढऱ्यामागे गडद. केस नीट सुटे होतात. हिरवळीवर बसवलं तर हनुवटीखाली हिरवी झाक येते, ती सांभाळा.

• डोळ्याची उंची: खाली बसा, गरज पडली तर झोपा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. मात्र जुन्या फोटोत जोडायचं असेल तर त्या फोटोची उंची पाळा.

• आवाज जपून वापरा: कान आणि नजर वळवायला एक नवा आवाज पुरतो. कागद, किल्ल्या, बिस्किटाचा पुडा. दहादा केलात की तो ढुंकून बघणार नाही.

• दहा मिनिटं, बस्स: जांभया देतोय, ओठ चाटतोय, तोंड फिरवतोय? कंटाळलाय तो. बंद करा. कपडे, टोप्या, गॉगल कॉम्प्युटरवर घाला, त्याच्या अंगावर नको. आणि आपल्या मे महिन्यात डांबरावर शूट अजिबात नाही. आधी स्वतःचा तळहात टेकवून बघा.

• मागे लिहा: कोण, कधी, आणि काय जोडलंय. दोन ओळी पुरतात.

तुमच्या भिंतीवर कुणाला कोट चढवलाय? कळवा नक्की. तोवर... से चीज! नाहीतर नकोच, पेपर वाचत बसा.